तिसऱ्या खोलीतला बीमर बंद आहे

सायकलस्वार | मंगळवार, २१:१०

मंडळी, एक भाषिक पेच पडलाय आणि तो ऑफिसातला असल्याने शुक्रवारच्या आत सोडवायचाय.

मी मूळचा सांगलीचा, गेली तीन वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला. टीममध्ये निम्मे डच, आठवड्यातून दोनदा सीमा ओलांडून आखेनहून येणारे तीन जर्मन, एक पोलिश बाई आणि मी. आपसातली भाषा इंग्रजी. म्हणजे आम्ही सगळे जिला इंग्रजी समजतो ती.

रुजू झालो त्याच आठवड्यात मेल आली: 'तिसऱ्या खोलीतला बीमर बंद आहे, कृपया येताना बीमर घेऊन यावा.' मी कॉलेजच्या टीममधून खेळलेला माणूस. बीमर म्हणजे टप्पा न पडता थेट छातीवर येणारा चेंडू. तो घेऊन कसा यायचा? शेजारच्या डच सहकाऱ्याला विचारलं, तर त्याने कपाटातून प्रोजेक्टर काढून माझ्या हातात दिला.

तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता आमच्या यंत्राचं इंग्रजी माहितीपुस्तक इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका गिऱ्हाइकाला जाणार आहे आणि त्यावर शेवटचा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात अकरा ठिकाणी 'बीमर' आहे. मी अकराही ठिकाणी 'प्रोजेक्टर' केलं. आखेनच्या साहेबांनी अकराही ठिकाणी पुन्हा 'बीमर' केलं आणि समासात शेरा मारला, 'मूळ इंग्रजी शब्द बदलायचं कारण कळलं नाही.' डच मंडळी त्यांच्याच बाजूने. म्हणजे एकीकडे दोन देश आणि दुसरीकडे मी.

तर प्रश्न दोन. इंग्रजांनाच ठाऊक नसलेला हा इंग्रजी शब्द डच आणि जर्मनमध्ये आला कुठून? आणि मी हट्ट धरू की गप्प बसू?

नॉनस्ट्रायकर | मंगळवार, २१:१८

नो बॉल! नियम ४१.७. टप्पा न पडता कमरेच्या वर. पंचाला धोकादायक वाटला तर पहिल्याला ताकीद, दुसऱ्याला त्या डावापुरती गोलंदाजी बंद. अकरा बीमर टाकलेत म्हणजे तुमच्या साहेबांना या जन्मी पुन्हा चेंडू मिळायचा नाही.

चहाटळ | मंगळवार, २१:२५

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. शुद्धमतीताई आल्या की उठवा.

राइनकाठी | मंगळवार, २२:०५

ड्युसेलडॉर्फ, चौदा वर्षं. या शब्दाने माझ्या घरात जो इतिहास घडवलाय तो आज सांगूनच टाकते.

जर्मनमध्ये तो 'देर बीमर'. पुल्लिंगी, अनेकवचनातही बीमरच. पण जर्मनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'बेआम्टर'. म्हणजे सरकारी अधिकारी, कायम नोकरीतला, शिक्केवाला. उच्चारात दोघांचा काही संबंध नाही, पण रोमन लिपीत लिहिले की दोघांत फक्त एका 'ट'चा फरक उरतो.

आमची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षीची गोष्ट. पालकसभेची मेल आली. माझं जर्मन तेव्हा अक्षर लावत वाचण्याइतपत. शेवटची ओळ अशी की 'बीमर उपलब्ध आहे'. मी वाचलं, 'अधिकारी हजर असेल.' मला त्या आठवड्यात बरं नव्हतं, म्हणून नवऱ्याला एकट्यालाच पाठवलं. इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. फाईल भरून दिली: सगळ्यांचे पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, मुलीचा जन्मदाखला, त्याचं शिक्क्यासह जर्मन भाषांतर, पिवळं लसीकरणाचं पुस्तक. वर बजावलं की तू होऊन काही बोलू नकोस, विचारलं तरच दाखव.

तो बिचारा पहिलीतल्या मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन दीड तास बसला. मांडीवर फाईल, नजर दाराकडे. छताला टांगलेल्या डब्यातून भिंतीवर सहलीचे फोटो पडत होते, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "नाही आला गं अधिकारी. रजेवर असेल."

हे आम्हाला कळायला पुढची पालकसभा उजाडावी लागली.

नॉनस्ट्रायकर, तुमच्यासाठी एक. जर्मन लोक बीमरने चित्र भिंतीवर 'दाखवत' नाहीत, 'फेकतात'. 'आन दी वांट वेर्फन', भिंतीवर फेकणे, हा रोजचा वाक्प्रचार आहे.

नॉनस्ट्रायकर | मंगळवार, २२:११

फेकी गोलंदाजी! तोही नो बॉल!! तुमच्या यजमानांना साष्टांग दंडवत.

बाराभाई | मंगळवार, २२:१४

फाईलवाला किस्सा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणते, यात विनोद काय आहे, फाईल सोबत असलेली बरीच असते.

शुद्धमती | मंगळवार, २२:४०

मला यात गंमत वाटत नाही, क्षमस्व. दुसऱ्याच्या भाषेतून शब्द घ्यायचा तर त्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा. पाहुण्याच्या गळ्यात आपल्या घरचं मंगळसूत्र अडकवून 'ही आमची सून' म्हणण्यातला प्रकार आहे हा. आणि ज्यांनी शब्द मोडला त्यांनीच 'मूळ इंग्रजी शब्द' म्हणून शेरे मारावेत? धागाकर्त्याने हट्ट धरावा. मराठीत आपल्याकडे 'प्रक्षेपक' आहे, तोही कुणी वापरत नाही, ती व्यथा वेगळी.

चहाटळ | मंगळवार, २२:४२

आल्या!

बाराभाई | मंगळवार, २३:०२

शुद्धमतीताई, आदर ठेवून विचारतो. परवाच्या तुमच्या कोल्हापूरच्या धाग्यात 'स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली' असं वाक्य आहे. त्या हॉटेलात झोपायच्या खोल्या किती होत्या?

आपण दीडशे चौरस फुटांत चार बाकडी टाकली की हॉटेल म्हणतो. इंग्रजाला सांगा 'मी हॉटेलात वीस मिनिटं होतो', तो भलताच अर्थ काढेल. आपल्याकडे वीज जात नाही, लाईट जाते. दिवसा दुपारी बारालासुद्धा लाईटच जाते. शाळेत गॅदरिंग होतं तिथे नुसतं जमत नाहीत, नाचतात. परीक्षेत कॉपी करतात ते ठीक, पण कॉपी 'सापडते' तेव्हा ती मोज्यात लपवलेली चिठ्ठी असते. यातलं काय काय आपण साहेबाला विचारून घेतलं होतं?

शुद्धमती | मंगळवार, २३:१५

मुद्दा मान्य. खोल्या नव्हत्या. मिसळ चांगली होती.

धातुपाठ | बुधवार, ०७:३०

पहिल्या प्रश्नाला कुणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून सकाळी सकाळी लांबण लावतो.

इंग्रजी, डच आणि जर्मन या सख्ख्या चुलत बहिणी. तिघींकडे '-अर' हा प्रत्यय आजीकडून आलेला आहे. क्रियापदाला तो लावला की ते काम करणारा माणूस किंवा ते काम करणारं यंत्र तयार होतं. जर्मन 'रेश्नेन' म्हणजे हिशेब करणे, त्यावरून 'रेश्नर' म्हणजे संगणक. डच 'स्टोफझाउखर' म्हणजे धूळ चोखणारा, अर्थात व्हॅक्यूम क्लीनर. आता 'बीम' म्हणजे प्रकाशाचा झोत हे दोघांना इंग्रजीतून ठाऊक होतं. झोत टाकणारं यंत्र घरात आलं, त्याला झोत अधिक अर, बीमर. धातू उसना, प्रत्यय घरचा. आपण 'ड्रायव्हर'ला 'की' लावून ड्रायव्हरकी करतो किंवा 'स्मार्ट'ला 'पणा' लावतो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की आपला 'पणा' मराठी आहे हे कुणालाही दिसतं. त्यांचा '-अर' इंग्रजीसारखाच दिसतो, म्हणून सगळा शब्दच इंग्रजी वाटतो. आखेनच्या साहेबांची चूक तिथे आहे, आणि ती प्रामाणिक चूक आहे.

अशा शब्दांना जर्मन भाषक 'शाइनआंग्लिट्सिस्मुस' म्हणतात, म्हणजे इंग्रजीचा नुसता आव आणणारे शब्द. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'हँडी', जर्मनमध्ये मोबाइल फोन. इंग्रजीत ते विशेषण आहे, हाताशी असलेलं, सोयीचं. डच शेजाऱ्यांनी हा शब्द घेतला नाही, ते 'मोबीलत्ये' म्हणतात, छोटासा मोबाइल. बेल्जियमच्या फ्लेमिश भागात तोच फोन 'खेएसएम', म्हणजे जीएसएम. स्वित्झर्लंडमध्ये जुनी माणसं अजून 'नाटेल' म्हणताना आढळतील. एका खिशातल्या वस्तूला चार शेजाऱ्यांत चार नावं, पण भिंतीवर चित्र टाकणाऱ्या डब्याला मात्र आम्स्टरडॅमपासून व्हिएन्नापर्यंत बीमरच.

जाता जाता, या शब्दाचा मला सगळ्यात आवडणारा भाग. इंग्रजी 'बीम', डच 'बोम' आणि जर्मन 'बाउम' हे मुळात एकच शब्द आहेत. डच आणि जर्मनमध्ये त्यांचा अर्थ आजही झाड. जुन्या इंग्रजीतही झाडच होतं. मग झाडाची तुळई झाली, आणि तुळईसारखा सरळ येणारा सूर्याचा झोतही बीम झाला. म्हणजे बीमर म्हणताना डच माणूस नकळत आपलंच झाड इंग्लंडमार्गे परत आणतोय.

कॉलम_बीम | बुधवार, ०८:१०

वरच्या प्रतिसादाला शंभर मार्क! आम्ही साइटवर गवंड्याला रोज 'बीम भरला का?' विचारतो. तो तुळई आहे हे माहीत होतं, झाड आहे हे आज कळलं. आज स्लॅब आहे, सगळ्यांना सांगतो.

उट्रेख्तची_उत्तरा | बुधवार, १३:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, गोड मानून घ्या.

डचांना प्रत्येक वस्तूचं पिल्लू करायची हौस. त्यामुळे लहानसा प्रोजेक्टर असेल तर 'बीमर्त्ये'. खरी गंमत मात्र क्रियापदात आहे. बीमर वापरणे म्हणजे 'बीमेन'. पण अगदी याच रोमन अक्षरांचा एक अस्सल डच शब्द आधीपासून आहे, 'बेआमेन'. त्यात मधे 'आमेन' लपलंय: एखाद्याच्या बोलण्याला आमेन म्हणणे, म्हणजे दुजोरा देणे. मी नवीन असताना मीटिंगच्या इतिवृत्तात हा शब्द वाचला आणि समजले की वित्त विभागाने अमुक मुद्दा भिंतीवर दाखवला. त्यांनी नुसती मान डोलावली होती.

आणि बीमर एकटा नाही हो. इथे जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिराती येतात: 'होमट्रेनर विकणे आहे. फारसा वापरलेला नाही. स्वतः येऊन उचलून न्यावा.' मला वाटलं घरी येऊन व्यायाम शिकवणारा कुणी मास्तर. ती जागच्या जागी चालवायची सायकल असते. जर्मनमध्येही तोच शब्द आहे. 'स्मोकिंग' म्हणजे दोन्हीकडे काळा मेजवानीचा सूट. 'कॅम्पिंग' म्हणजे डचमध्ये तंबू ठोकायची क्रिया नव्हे, तंबू ठोकायची जागा.

शेजारचे आजोबा एकदा कौतुकाने म्हणाले, "गॅरेजमध्ये माझे दोन ओल्डटाइमर आहेत." सासूबाई तेव्हा इथे होत्या, त्यांना मी शब्दशः सांगितलं. त्या हादरल्या. "अगं बाई, म्हाताऱ्यांना गॅरेजात ठेवतात?" ओल्डटाइमर म्हणजे जुनी जतन केलेली मोटार. त्या मोटारींचे लाड विचारू नका: जर्मनीत ३० वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात राखलेली असली की नंबरप्लेटच्या शेवटी ऐतिहासिक म्हणून 'एच' मिरवता येतो, आणि इथे नेदरलँड्समध्ये ४० वर्षं झाली की रस्ताकर माफ.

आता कॉफीशॉप. बाबा (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा) एकटेच फिरायला बाहेर पडले आणि पाटी वाचून आत शिरले. दारातल्या माणसाने वयाचा पुरावा मागितला. एकाहत्तराव्या वर्षी कुणी वय विचारतंय म्हणून बाबा भलतेच खूश. आत त्यांनी कॉफी मागितली, ती मिळालीही. घरी येऊन म्हणाले, "कॉफी बरी होती. पण उदबत्त्या फार लावतात गं तिथे."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: डचमध्ये कॉफीशॉप म्हणजे गांजा-चरस मिळण्याचं दुकान. १९७६ च्या कायदाबदलानंतर हळूहळू रुजलेली ही तडजोड आहे. कायद्याने गुन्हाच, पण अटी पाळल्या तर सरकार काणाडोळा करतं; त्या काणाडोळ्यालाही डचमध्ये खास क्रियापद आहे, 'गेडोगन'. अठराच्या वरच्यालाच आत प्रवेश, माणशी ५ ग्रॅम, दारू विकायची नाही, जाहिरात करायची नाही. नुसती कॉफी हवी असेल तर 'कॅफे'त जा, जिथे बहुतेक लोक बिअर पीत असतात. तिथे दुधाळ कॉफी मागायची तर म्हणायचं 'कॉफी फरकेर्ड', म्हणजे शब्दशः 'चुकलेली कॉफी'.

चहाटळ | बुधवार, १३:२६

उदबत्त्या!!! मेलो.

वेंगुर्लेकर | बुधवार, १४:००

डचांचा विषय निघालाच आहे तर आमच्या वेंगुर्ल्यात १७ व्या शतकातली डच वखार आहे. आता पडझड झालीय, भिंती उभ्या आहेत, आत झाडं वाढलीत. एवढी वर्षं राहून गेले पण आमच्या बोलण्यात काही ठेवून गेलेले दिसत नाहीत. पोर्तुगीजांनी बघा, बटाटा दिला, पाव दिला, चावी, साबण, पगार, घमेलं, काय काय दिलं.

धातुपाठ | बुधवार, १४:२०

पगार पोर्तुगीज आहे हे ऑफिसात सांगितलं की लोक मानत नाहीत. पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. म्हणजे तिथे ते क्रियापद आहे, आपण त्याचं नाम केलं. बीमरचा आणि पगाराचा गुन्हा एकच.

अप्परडिप्पर | बुधवार, १६:४५

मालवाहतुकीच्या धंद्यात तीस वर्षं झाली, माझंही ऐका. इंग्रज लोक गाडीच्या दिव्याला 'मेन बीम, डिप्ड बीम' म्हणतात. आपण म्हणतो 'अप्पर-डिप्पर'. प्रत्येक ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं, रात्री डिपर वापरा. 'समोरच्याला डिप्पर दे' म्हटलं की इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. जावई लंडनला असतो, त्याच्या गाडीत बसून मी म्हटलं, "डिप्पर मार की." तो म्हणाला, पप्पा, इथे डिपर म्हणजे पळी किंवा एक पाणपक्षी.

म्हणजे त्यांनी बीम घेऊन प्रोजेक्टर केला आणि आपण बीम टाकून पळी घेतली. कुणी कुणाला हसायचं?

जुनाजाणता | बुधवार, १९:१०

मी १९८६ ते ८९ ड्रेस्डेनला शिकायला होतो, म्हणजे भिंत पडायच्या आधीच्या पूर्व जर्मनीत. तेव्हा बीमर नव्हता. पारदर्शक कागदावर लिहून भिंतीवर दाखवायचं यंत्र असे, त्याला सगळे 'पोलिलुक्स' म्हणत. ते तिथल्या यंत्राचं ब्रँडचं नाव. पश्चिमेकडे त्याच यंत्राला 'टागेसलिश्टप्रोयेक्टोर' म्हणत, म्हणजे दिवसाउजेडी चालणारा प्रोजेक्टर. भिंत पडल्यावर परिषदांमध्ये कोण 'पोलिलुक्स' म्हणतो त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. बीमर आला आणि तो एक भेद मिटला. दोन्ही बाजूंनी तिसऱ्याचाच शब्द घेतला, कुणाचाच मान गेला नाही.

त्या यंत्राचा दिवा फार तापायचा. थंडीत त्याच्याजवळची जागा पकडायला आम्ही लवकर जायचो.

लेबकूखन | बुधवार, २१:३०

न्यूर्नबर्गमधून. अर्थ बदलतो ते सगळ्यांनी सांगितलं, पण शब्दाची धारही बदलते त्याबद्दल कुणी बोललं नाही.

जर्मनमध्ये 'शिटस्टॉर्म' हा शब्द आहे. समाजमाध्यमांवर एखाद्यावर होणारा शिव्याशापांचा भडिमार. २०११ चा 'वर्षातला इंग्रजी उसना शब्द' म्हणून तो निवडला गेला, २०१३ मध्ये डुडेन या प्रमाण कोशात आला. वर्तमानपत्रात, दूरदर्शनच्या बातम्यांत सर्रास असतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये आमच्याच गावात डिजिटल परिषद होती, तिथे तेव्हाच्या चान्सेलर मर्केल यांनी भाषणात तो वापरला. सभागृह हसलं, पण मुख्यतः बाईंना असा भडिमार सोसावा लागला याचं. इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र डोक्याला हात लावला, एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईच्या तोंडी हा शब्द! जर्मन कानाला त्यातली घाण ऐकूच येत नाही.

आपल्याकडेही तेच. आमच्या घरी पाचवीतला मुलगा पेन्सिल मोडली की 'शिट!' म्हणतो. त्याचं ऐकून माझी आई, वय ७४, सुईत दोरा गेला नाही की 'शिट बाई' म्हणते. हाच शब्द मराठीत उच्चारला तर तीच आई तोंडात साबण कोंबेल.

शुद्धमती | बुधवार, २१:४८

हे पटलं. उसन्या शिवीला सोवळंओवळं नसतं.

हिंजवडीग्रस्त | गुरुवार, ११:०५

पुण्यात बसून बारा वर्षं जर्मन गिऱ्हाइकं सांभाळतोय. माझा अनुभव वरच्या सगळ्या गमतीच्या विरोधात जातो.

कोव्हिडच्या काळात एका जर्मन साहेबाचं उत्तर आलं, 'मी सध्या होम ऑफिसमध्ये आहे.' त्यांच्याकडे त्याचा अर्थ घरून काम. आमच्या टीम लीडने आधी ब्रिटिश प्रकल्पांवर काम केलेलं, त्याच्या डोक्यात ब्रिटनचं गृहखातं. त्याने व्हिसाचं काम निघालं असणार म्हणून कॉल पुढच्या आठवड्यात ढकलला. साहेब दोन तास वाट बघत बसले. नंतरचा मेलचा सूर सांगत नाही.

तेव्हा आपसात काय वाटेल ते बोला. आमच्याकडेही आता पोरं जर्मन कॉलवर बीमरच म्हणतात, मीही म्हणतो. पण कागद तिसऱ्याकडे जाणार असेल तर तिसऱ्याचा शब्द. आणि ही तक्रार फक्त आपली नाही. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षण संस्थेने त्यांच्याच कागदपत्रांतल्या अशा चुकलेल्या इंग्रजी शब्दांची अख्खी पुस्तिका काढली होती. त्यात 'ॲक्च्युअल' हा शब्द 'सध्याचा' या अर्थाने वापरू नका असं समजावलंय. डच आणि जर्मनमध्ये त्या चेहऱ्याच्या शब्दाचा अर्थ 'सध्याचा' असतो, म्हणून ही मंडळी तिथे हमखास घसरतात. सायकलस्वार, गुगलून ती साहेबांना पाठवा. मराठी माणसाने सांगितलेलं ऐकायचे नाहीत, ऑडिटवाल्यांनी सांगितलेलं ऐकतील.

धातुपाठ | गुरुवार, ११:४०

सहमत, पण एक पुरवणी. बीमर ही आखेनमध्ये चूक नाही. तिथे तो जर्मन शब्द आहे, कोशात आहे, त्याला लिंग-वचन आहे. चूक फक्त लीड्सच्या पुस्तकात आहे. हे याच भाषेत साहेबांना सांगा, 'तुमचा शब्द जर्मन आहे, आपण इंग्रजी पुस्तक लिहितोय.' त्यांचा मान राहील.

नॉनस्ट्रायकर | गुरुवार, १२:०२

लीड्स! अहो लीड्स म्हणजे हेडिंग्लीचं क्रिकेट मैदान! यॉर्कशायर! त्या माणसाला बीमर म्हणजे काय हे आईच्या पोटातून माहीत असणार. 'बीमर भिंतीपासून दोन मीटरवर ठेवा' हे वाक्य वाचून तो काय करेल?

उट्रेख्तची_उत्तरा | गुरुवार, १२:३०

नेदरलँड्समध्ये क्रिकेट खेळतात हो. आम्सटलवेनला चांगलं मैदान आहे. २००९ मध्ये यांनीच इंग्लंडला लॉर्ड्सवर हरवलं होतं. त्या डच खेळाडूंना तरी दोन्ही बीमर ठाऊक असतील. सामन्याआधी टीम मीटिंगमध्ये बीमरवर बीमर बघत असतील.

सायकलस्वार | शुक्रवार, १८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तांत देतो.

ऑडिटवाली पुस्तिका पाठवली, तिचा काही उपयोग झाला नाही. साहेब म्हणाले, 'यात बीमर नाही.' खरंच नव्हता. मग धातुपाठांचं वाक्य वापरलं, ते बरंच लागू पडलं. साहेब विचारात पडले. तरी डच सहकारी म्हणाला की इंग्रजांना संदर्भाने कळेलच की. तेव्हा मी शेवटचा उपाय म्हणून नॉनस्ट्रायकर यांचं ऐकलं. मीटिंग तिसऱ्या खोलीत होती. एका वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू थेट फलंदाजाच्या हेल्मेटवर बसतो अशी वीस सेकंदांची चित्रफीत भिंतीवर लावली. किंवा राइनकाठींच्या भाषेत, फेकली. फलंदाज खाली बसतो, पंच हात आडवा करतो. मी म्हटलं, लीड्समध्ये याला बीमर म्हणतात.

खोलीत शांतता. पोलिश बाई म्हणाल्या, "आणि आपण त्यांना तो छताला टांगायला सांगतोय."

अकराही ठिकाणी प्रोजेक्टर झालं. साहेबांनी स्वतः केलं, आणि बारावा मी चुकवलेला तोही शोधून काढला, एका आकृतीच्या कोपऱ्यात होता. नंतर कॉफी पिताना (यंत्राची, उत्तराताई, काळजी नको) त्यांनी क्रिकेटचे नियम विचारले. पायचीतपर्यंत पोहोचलो, मग त्यांची गाडी निघायची वेळ झाली.

हिंजवडीग्रस्त | शुक्रवार, १९:१५

पायचीत एका जर्मन माणसाला समजावायला घेतलंत? शुक्रवारी संध्याकाळी? धन्य आहात.

बाराभाई | शुक्रवार, १९:२०

थांबा. म्हणजे तिसऱ्या खोलीतला बीमर तीन वर्षांनी दुरुस्त झाला?

सायकलस्वार | शुक्रवार, १९:३४

नाही हो. तो कधीच काढून टाकला. तिथे आता भिंतीएवढा टीव्ही आहे. पण मीटिंग सुरू झाली की सगळे म्हणतात, 'बीमर लाव.' दारावर पाटीही तीच आहे.

कॉलम_बीम | शुक्रवार, १९:४०

आमच्या चौकातल्या दुकानावर 'झेरॉक्स' लिहिलंय, आत मशीन कॅननचं आहे.

राइनकाठी | रविवार, २०:१५

उशिरा आले, धागा आटोपलेला दिसतोय. उद्या धाकट्याची पालकसभा आहे. मेल आलीय, शेवटच्या ओळीत बीमर आहे. नवऱ्याला वाचून दाखवली. तो आता इथल्या लोकांइतकंच सफाईदार जर्मन बोलतो. क्षणभर थांबून म्हणाला, "फाईल घेऊनच जातो. असू दे."